हौसेचे ओझे कोणाच्या पाठीवर

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप गटांवर केदारकंठ्याची पोस्टर्स फिरू लागतात. बर्फात उड्या मारणारी तरुण मंडळी, खाली दर, आणि कोपऱ्यात लिहिलेले असते: 'सोपा, नवशिक्यांसाठी'. उत्तरकाशी जिल्ह्यातला हा ट्रेक 3,800 मीटरच्या आसपास पोहोचतो. तो जिथून सुरू होतो ते सांकरी गावच कळसूबाईच्या 1,646 मीटरपेक्षा उंच आहे. महाराष्ट्राची उंची जिथे संपते, त्याच्याही वर तिथली पहिली पायरी आहे.

मला या मुलामुलींचे कौतुक वाटते. मॉलमध्ये सुट्टी घालवण्यापेक्षा डोंगर केव्हाही चांगला. शिवाय त्यांच्यातले बरेच जण सह्याद्रीत घडलेले असतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या पोराला डोंगर काय ते शिकवण्याची गरज नाही, हे खरेच. पण सह्याद्री एक गोष्ट शिकवू शकत नाही. इथे भिजण्यात मजा असते, कारण खाली उतरून चहा-भजी खाल्ली की माणूस पुन्हा ताजातवाना. बर्फात भिजणे ही संकटाची सुरुवात असते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, वारा वेगळाच. पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर अंगातली ऊब ओढून घेते. राजमाचीला चालणारा सुती टी-शर्ट चढावर घामाने भिजतो, वर थांबल्यावर तो वाळत नाही, आणि जीन्स तर दिवसभर ओलीच राहते. ही माहिती कोणालाही पाच मिनिटांत मिळू शकते. तरीही दर हिवाळ्यात जीन्स आणि कॅनव्हासचे बूट घालून माणसे बर्फात उतरतात.

इथपर्यंत हा मूर्खपणाचा प्रश्न आहे, नीतीचा नव्हे. 'माझा जीव आहे, धोका पत्करायचा की नाही ते मी ठरवीन,' असे कोणी म्हटले तर मी त्याला अडवणार नाही. धोका जाणून, त्याची तयारी करून जाणाऱ्या गिर्यारोहकाबद्दल मला आदरच आहे. अडचण अशी की बर्फात ठरवणारा 'मी' फार काळ शाबूत राहत नाही.

शरीराचे आतले तापमान 37 अंशांवरून 35 च्या खाली गेले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आधी थरथर, मग बोटे ऐकेनाशी होतात, साधी चेन लावता येत नाही, बोलणे अडखळते, पाय लटपटतात. त्याच सुमारास विचारही अडखळू लागतो. शेवटच्या टप्प्यात काहींना उलट उकडू लागते आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात. उंचीचा आजार याचाच सख्खा भाऊ. अडीच हजार मीटरच्या वर तो कोणालाही होऊ शकतो, व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्यालाही. मेंदूला सूज आली की माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि तरीही म्हणतो, 'मी ठीक आहे, समिट करूनच येऊ.' त्या क्षणी त्याच्या संमतीला काही अर्थ उरलेला नसतो. म्हणून तयारी म्हणजे केवळ उबदार जॅकेट आणि बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स नव्हेत. डोके ठिकाणावर असताना, घरात पंख्याखाली बसून घेतलेले निर्णय म्हणजे तयारी. किती वाजता वर पोहोचलो नाही तर परत फिरायचे, कोणाचे डोके दुखू लागले तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, हे सांकरीला पोहोचण्याआधी ठरायला हवे.

आणि बर्फ कोणाचे कॅलेंडर पाहत नाही. नेपाळातल्या अन्नपूर्णा परिक्रमेत ऑक्टोबर हा सर्वांत निरभ्र, सर्वांत गर्दीचा महिना. 2014 साली 12 ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले. त्याची बातमी आपल्या सगळ्यांच्या टीव्हीवर होती. दोन दिवसांनी त्याचे उरलेसुरले ढग हिमालयाला भिडले आणि मनांग व मुक्तिनाथ यांच्यामधल्या 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीवर कमरेइतके, कुठे त्याहून जास्त बर्फ कोसळले. मुक्तिनाथ आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांनी पाहिलेले क्षेत्र. त्याच्याच डोक्यावरची ही खिंड. अनेकांनी वरच्या चहाच्या टपरीत आसरा घेतला. काही जण दाटीला आणि थंडीला कंटाळून पांढऱ्या अंधारात खाली निघाले आणि उतारावर वाट हरवून बसले. त्या वादळात नेपाळच्या डोंगरांत किमान 43 माणसे गेली. वादळ येणार हे हवामान खात्यांना ठाऊक होते. वाटेवरच्या बऱ्याच जणांपर्यंत ते पोहोचलेच नाही.

गेलेल्यांत परदेशी पाहुणे होते, तसेच नेपाळी वाटाडे, ओझी वाहणारे भरिये आणि याक राखणारेही होते. पर्यटकाच्या मृत्यूची बातमी त्याच्या देशात पहिल्या पानावर येते. भरियाच्या घरी बातमी येते तेव्हा मिळवता हात गेलेला असतो. आजारी पडलेल्या पोर्टरचा हिशेब चुकता करून त्याला तसेच खाली पाठवून देण्याचे प्रकार हिमालयात घडले आहेत, आणि टाळता येणाऱ्या अशा मृत्यूंमुळेच 1997 साली पोर्टरांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्याच्या मागण्या वाचताना लाज वाटते, इतक्या त्या साध्या आहेत: हवामानाला पुरतील असे कपडे, डोक्यावर छप्पर, पोटभर अन्न, आजारपणात पर्यटकाला मिळते तीच काळजी. आपल्याकडे तरुण मंडळी सॅक 'ऑफलोड' करतात, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याच्या पाठीवर देतात. त्यात गैर काही नाही, गावाला रोजगारच मिळतो. पण ती सॅक उचलणाऱ्याच्या पायात काय आहे, हे खाली वाकून पाहणारे किती?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. बर्फात ते मोल फार थोडक्या लोकांत वाटले जाते. एकाच्या पायाला गोळा आला की बॅच थांबते. बॅच थांबली की घामाने ओले झालेले बाकीचे सगळे गारठू लागतात. एकाला वाहून न्यायला सहा-आठ माणसे लागतात, आणि ती माणसे कोणाच्या तरी घरची असतात. हेलिकॉप्टर हवा निवळल्याशिवाय उडत नाही. जून 2024 मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रताल ट्रेकवर बहुतांशी कर्नाटकातला 22 जणांचा गट हिमवादळात सापडला आणि 9 जण दगावले. त्यांच्या तयारीचा न्यायनिवाडा मी इथे बसून करणार नाही. एवढेच म्हणतो की उरलेल्यांना आणि मृतदेहांना खाली आणायला राज्याचे आपत्ती पथक आणि हवाई दल त्याच डोंगरात गेले, तीच हवा अंगावर घेत. आपल्याला हे ठाऊक असायला हवे, कारण इथे सह्याद्रीतही तेच घडते. लोणावळ्यातल्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक पावसाळ्यात हातातले काम टाकून कोणाच्या ना कोणाच्या लेकराला दरीतून वर काढतात, तेही विनामोबदला.

सगळ्यात अवघड जागा लीडरची. पंधरा-वीस जणांनी पैसे भरलेले, रजा काढलेली, घरच्या ग्रुपवर 'समिट झालं का?' असे विचारणारे काका. अशा वेळी 'इथून परत' म्हणणारा विशीतला स्थानिक गाइड आपल्याला भित्रा वाटतो. आपण त्याच्याशी हुज्जत घालतो, पैसे परत मागतो, घरी येऊन त्याला एक तारा देतो. एकदा असे झाले की पुढच्या बॅचला तो 'चला' म्हणतो. म्हणजे पुढच्या बॅचच्या जिवाशी आपण खेळलेले असतो, आपल्या नकळत. परत फिरण्याची शिक्षा गाइडला देणारे गिऱ्हाईक हे कमी कपड्यांत आलेल्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा या हिवाळ्यात पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा. बॅचमध्ये डॉक्टरी तपासणीशिवाय कोणाला घेतात का, पोर्टरांचा विमा आहे का आणि त्यांना बर्फाचे बूट कोण देतो, ते विचारा. मग हेही विचारा की गेल्या मोसमात तुमच्या किती बॅचेस शिखर न गाठता परत फिरल्या. उत्तर अभिमानाने 'एकही नाही' असे आले, तर त्याच्याकडे पैसे भरू नका.