गाडीवानाचे अवधान

वाहन चालवताना वेगाची चूक यंत्राने मोजता येते, मद्यपानाचीही मोजता येते; अवधान सुटल्याची चूक मात्र मागे खूण ठेवत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. यातले सत्तर टक्क्यांहून अधिक अपघात अतिवेगाच्या रकान्यात पडतात, तर मोबाईलच्या वापराचा रकाना दोन टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. हा आकडा दिलासा देणारा नाही, कारण टायरच्या खुणा पंचनाम्यात उतरतात, चालकाचे मन त्या क्षणी कुठे होते हे उतरत नाही.

'अवधान' हा शब्द अहिल्यानगर जिल्ह्याला परका नाही. शके १२१२ मध्ये याच जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे जे मागितले, ते अवधानच होते. अवधान म्हणजे नुसते पाहणे किंवा ऐकणे नव्हे, तर इंद्रियांनी आणून दिलेल्या गोष्टीपाशी मन हजर असणे. समोर बसलेला श्रोताही तिथे नसू शकतो, हे ज्या कीर्तनपरंपरेला पक्के ठाऊक आहे, तिला आधुनिक मानसशास्त्रातल्या 'अनवधानजन्य अंधत्वा'चे, म्हणजे डोळे उघडे असूनही समोरची वस्तू न दिसण्याचे, फारसे नवल वाटू नये. अमेरिकेतील युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली कृत्रिम वाहनचालनाच्या प्रयोगातून दाखवले की फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल अधिक प्रमाणात चुकतात, आणि फोन हातात आहे की हात मोकळे आहेत, याने त्यात फरक पडत नाही.

या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर अवधान सुटणे विशेष घातक ठरते ते गळीत हंगामात. सहकारी साखर कारखानदारीचा पाया जिथे घातला गेला त्या प्रवरानगरपासून कोपरगाव, राहुरीपर्यंत पसरलेल्या उसाच्या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत एकाच डांबरावर शिर्डीला निघालेल्या मोटारी, पायी चाललेल्या पालख्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या एकत्र येतात. ताशी ऐंशी किलोमीटरने धावणारी मोटार पाच सेकंदांत सुमारे एकशे दहा मीटर जाते, आणि एखादा संदेश वाचायला पाच सेकंद सहज लागतात. पुढचा ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेला असेल, ट्रॉलीमागचा परावर्तक उसाच्या पाचटाखाली झाकला गेला असेल आणि ट्रॅक्टरचालकानेही झोप येऊ नये म्हणून गाणी मोठ्याने लावली असतील, तर दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची चाहूल लागत नाही.

बैलगाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. पहाटे कारखान्याच्या वाटेवर गाडीवानाला डुलकी लागली, कासरा सैल झाला, तरी बैल ओळखीच्या वाटेने चालत राहतो. गाडीत अवधान दोघांचे असते आणि एकाचे सुटले तर दुसऱ्याचे काही काळ पुरते. (त्यावर भिस्त ठेवणेही धोक्याचेच, कारण बैलाला वाट ठाऊक असते, मागून येणारी मोटार नव्हे.) यंत्राने ही दुसरी जाग काढून घेतली, आणि तरीही गाडी आपोआप वाटेवर राहील हा गाडीवानाचा जुना भरवसा चालकाच्या मनात तसाच राहिला, असे म्हणण्यास जागा आहे.

चालक घडवण्याची प्रचलित रीत या भरवशाला हात लावत नाही. क्लच, गिअर, दुचाकीसाठी आठचा आकडा, खुणांची प्रश्नावली: ही सगळी परीक्षा हातापायांची आणि स्मरणाची आहे. महाराष्ट्रात २०२१पासून शिकाऊ अनुज्ञप्तीची चाचणी घरबसल्या पडद्यावर देता येते, हेही सोयीचे खरे. पण ज्या वस्तूपासून नजर सोडवायला शिकायचे, तिच्यावरच पहिला धडा पार पडतो. कायद्याचे लक्षही हातावरच आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४मध्ये हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक चालनात धरला गेला, ऑक्टोबर २०२०पासून मार्ग पाहण्यापुरती सूट देण्यात आली. गुंतलेल्या मनाला कलम लावणे मुळात अशक्यच होते.

म्हणूनच जबाबदारीचे शिक्षण परीक्षेच्या मैदानाऐवजी मागच्या आसनावर होते. फोन वाजल्यावर वडील गाडी कडेला घेतात की गुडघ्याने स्टिअरिंग सांभाळतात, हे मूल अनुज्ञप्तीच्या वयाआधी दहा वर्षे पाहत असते. शिवाय पलीकडून फोन करणारा या व्यवहारात निर्दोष मानला जातो, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. रात्री संगमनेरहून निघालेल्या मुलाला चंदनापुरी घाटात येणारा फोन बहुधा घरचाच असतो. त्यात विचारायचे असते ते 'कुठवर आलास?' एवढेच, आणि त्याने उचलला नाही, तर काळजीपोटी तो लगेच पुन्हा लावला जातो.