तीन विकला

विज्ञानविषयक एका लेखाचा अनुवाद करताना मी 'एरर' या शब्दापाशी अडले. मराठीत दोन शब्द हाताशी होते, चूक आणि त्रुटी. पाठ्यपुस्तकं 'त्रुटी' म्हणतात. बोलताना आपण 'चूक' म्हणतो, आणि चूक ही नेहमी कुणाची तरी असते. ती कबूल करावी लागते, पदरात घ्यावी लागते. उलट एखादं माप खरं उतरलं तर आपण त्याला 'अचूक' म्हणतो, म्हणजे ज्यात चूक नाही ते. या शब्दांच्या जोडीत एक निवाडा आधीच दिलेला आहे: ज्याचं माप चुकलं, तो माणूस चुकला. हा निवाडा मनाशी घट्ट धरून जगणाऱ्या माणसाचं काय होतं, हे पिएर मेशँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या आयुष्यात दिसतं.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत फ्रान्सनं ठरवलं, की लांबीचं माप कुठल्या राजाचं किंवा गावाचं नसावं. ते पृथ्वीचं असावं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. गावागणिक बदलणारी मापं आपल्याही ओळखीची आहेत. एका बाजारपेठेतला शेर दुसऱ्या बाजारपेठेत तेवढाच भरेल याची खात्री नसे, आणि त्या फरकात कुणाचं पोट भरे आणि कुणाचं कापलं जाई हे सांगायला नको. 'सर्व काळासाठी, सर्व लोकांसाठी' असं एकच माप असावं या इच्छेत म्हणूनच न्यायाचा मोठा भाग होता.

पण त्यासाठी पृथ्वी मोजायला हवी होती. १७९२ च्या जूनमध्ये दोघे जण पॅरिसहून निघाले. उत्तरेकडे डंकर्कपासून रोदेझपर्यंतचं काम जाँ-बातिस्त दलाँब्र यांच्याकडे, तिथून दक्षिणेला बार्सिलोनापर्यंतचं मेशँ यांच्याकडे. चर्चचे मनोरे, किल्ले, डोंगरमाथे यांना जोडत त्रिकोणामागून त्रिकोण रचायचे आणि दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून ठरवायचे, अशी ही रीत होती. बोर्दा यांच्या नव्या उपकरणावर एकच कोन पुन्हा पुन्हा मोजता येई, त्यामुळे वाचनातला बारीकसारीक फरक झिजत जाई. मेशँ हे त्या काळातल्या सर्वांत काळजीपूर्वक निरीक्षण करणाऱ्यांपैकी एक मानले जात.

१७९२-९३ च्या हिवाळ्यात त्यांनी बार्सिलोनाजवळच्या मोंजुइक किल्ल्यावरून ताऱ्यांची निरीक्षणं केली. मग फ्रान्स आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटलं. मेशँ एका अपघातात जबर जखमी झाले आणि किल्ल्याचं दार त्यांना बंद झालं. अडकून पडलेल्या या माणसानं पुढच्या हिवाळ्यात शहरातल्या एका खाणावळीतून पुन्हा तारे मोजले. खाणावळ आणि किल्ला यांतलं अंतर माहीत होतं, त्यामुळे दोन्ही अक्षांश एकमेकांशी जुळायला हवे होते. त्यांत सुमारे तीन विकलांचा फरक आला.

विकला हा पंचांगातला शब्द. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. तीन विकला म्हणजे जमिनीवर जेमतेम शंभर मीटर. एवढ्या मोठ्या कामात हा फरक क्षुल्लक म्हणता आला असता. मेशँ यांना तो म्हणता आला नाही. त्यांनी खाणावळीतली निरीक्षणं लपवली आणि कुणालाच काही सांगितलं नाही. परतण्याची वेळ आली तेव्हा ते महिनोन्महिने रेंगाळले. १७९८-९९ मध्ये पॅरिसला देशोदेशीचे शास्त्रज्ञ आकडे तपासायला जमले, तेव्हाही त्यांनी मूळ वह्या न दाखवता फक्त निवडक गोषवारा पुढे केला. त्यांचे आकडे इतके सुरेख जुळलेले होते, की सगळ्यांनी वाहवा केली. १७९९ च्या जूनमध्ये प्लॅटिनमचा मीटर अभिलेखागारात ठेवला गेला. मेशँ मात्र स्वस्थ झाले नाहीत. मापनरेषा आणखी दक्षिणेला, भूमध्य समुद्रातल्या बेटांपर्यंत नेण्याचा हट्ट धरून ते पुन्हा स्पेनला गेले आणि १८०४ मध्ये तिथेच तापानं वारले.

त्यांच्या मागे कागद दलाँब्र यांच्या हाती आले. बदललेल्या, निवडून घेतलेल्या नोंदी पाहून दलाँब्र यांना सगळा प्रकार कळला.

पुढे काय निघालं ते आधी सांगते. १८२८ मध्ये निकोले यांनी दाखवलं, की मेशँ यांनी वापरलेले तारे डोक्यावरच्या बिंदूच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे असे वेगळे करून समतोल साधला, तर फरक जवळजवळ नाहीसा होतो. उपकरण एका बाजूला किंचित ढळत होतं. मोजणाऱ्याचा हात नव्हे, यंत्राचा आस झिजला होता. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर ते दिवसातून शंभर वेळा पाहिलं तरी दहा मिनिटं पुढेच दाखवणार. वाचनं एकमेकांशी जुळणं आणि वाचनं खऱ्याशी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचं मापनशास्त्र या फरकावर उभं आहे. मेशँ यांच्यापाशी तो फरक सांगणारी भाषा नव्हती. त्यांच्याकडे एकच शब्द होता: चूक, आणि तीही माझी.

म्हणून मला मेशँ लबाड वाटत नाहीत. लबाड माणूस तीन विकलांसाठी झोप घालवत नाही. अचूकतेवरची त्यांची निष्ठा इतकी कडवी होती, की तिच्यापुढे ते खरं बोलू शकले नाहीत. आपण सहसा समजतो की काटेकोरपणा आणि प्रामाणिकपणा हे सख्खे भाऊ. इथे एकानं दुसऱ्याचा गळा दाबलेला दिसतो.

दलाँब्र यांच्यापुढचा पेच याहून अवघड होता. फ्रान्समधल्या लोकांनी मीटर अजून मनापासून स्वीकारला नव्हता. त्याच्या पायातच खोट आहे असं जाहीर केलं असतं, तर विरोधकांना आयतं कोलीत मिळालं असतं आणि मृत सहकाऱ्याची अब्रू गेली असती. गप्प बसावं तर आपणही त्या लपवाछपवीत सामील. त्यांनी मधला रस्ता काढला. १८०६ ते १८१० या काळात मोहिमेचा तीन खंडांचा ग्रंथ छापताना त्यांनी लपवलेली निरीक्षणं उघड केली, मेशँ यांचा मान राखला आणि सर्वांत लागट तपशील वगळले. मूळ कागद मात्र जाळले नाहीत. काय वगळलं आणि का, याच्या टिपणांसह ते पॅरिसच्या वेधशाळेत जपून ठेवले. लोकांना जे कळण्याची गरज नाही ते आपण सांगितलं नाही, अशा अर्थाचं त्यांनी तिथे लिहून ठेवलं आहे.

या वाक्याशी माझं पटत नाही. लोकांना काय कळायला हवं हे ज्याच्या हाती माप आहे त्यानंच ठरवायचं, तर राजाचं माप घालवून काय मिळवलं? पण दुसरी बाजूही आहे. दलाँब्र यांनी कागद ठेवले नसते तर आज मला त्यांच्याशी भांडताही आलं नसतं. वाचकापासून काही राखून ठेवायचंच असेल, तर ते पुढच्या वाचकाला सापडेल अशा जागी ठेवावं, एवढं तरी त्यांनी पाळलं.

फरक लपवला नाही तर त्यातून काय उगवू शकतं, याचं उदाहरण आपल्याच भूमीवर आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कलियाना यांच्या अक्षांशांतलं अंतर दोन रीतींनी काढलं गेलं, त्रिकोणांवरून आणि ताऱ्यांवरून. फरक ५.२३६ विकला आला, मेशँ यांच्यापेक्षा जास्त. एव्हरेस्ट यांनी तो मोजणीतल्या त्रुटींच्या खाती टाकला, पण छापला. हे सर्वेक्षण राज्य करण्यासाठी होतं, ज्ञानाच्या निखळ ओढीनं नव्हे. तरी तो आकडा कागदावर राहिला. पुढे कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी गणित मांडलं, की हिमालयाच्या ओढीनं ओळंबा कलत असेल. पण मग फरक सुमारे १५ विकलांचा यायला हवा होता. हिमालय दिसतो तेवढा ओढत नव्हता! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं, की पर्वतांना खोल, हलकी मुळं असतात. पुढे प्रॅट यांनीही स्वतःचं वेगळं स्पष्टीकरण दिलं. भूकवच खालच्या थरावर जणू तरंगत समतोल राखतं, या समस्थायित्वाच्या कल्पनेचा उगम इथला. पाच विकला कुणी गुपचूप पुसल्या असत्या, तर हिमालयाच्या पोटातली ही गोष्ट कळायला किती उशीर लागला असता कोण जाणे.

फ्रान्सच्या मीटरचीही गंमत अशीच. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर आज एक कोटी मीटरहून सुमारे दोन किलोमीटर जास्त भरतं, म्हणजे मूळ मीटर ०.२ मिलिमीटरनं तोकडा आहे. त्याचं मुख्य कारण मेशँ यांच्या तीन विकला नव्हेत. पृथ्वी गणितात धरली होती तशी नव्हती, हे ते कारण. आणि त्याच मोजणीचे आकडे उदाहरणाला घेऊन लजाँद्र यांनी १८०५ मध्ये न्यूनतम वर्गांची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून त्रुटी ही हिशेबात मांडायची राशी झाली.

आज कुठल्याही प्रयोगशाळेतला आकडा एकटा येत नाही, सोबत ± हे चिन्ह आणि अनिश्चितता घेऊन येतो. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या वजनावरून प्लँकच्या स्थिरांकावर गेली. त्याआधी निरनिराळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले प्रयोग एकमेकांशी ठरलेल्या मर्यादेत जुळावेत अशी अट होती. ते जुळत नव्हते तेव्हा बदल लांबणीवर पडला. माप विश्वासार्ह ठरलं ते आपल्या शंकेसकट सर्वांसमोर आलं म्हणून.

हे सगळं मी इतक्या आपुलकीनं लिहिते आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका निबंधाच्या अनुवादात मी एक वाक्य गाळलं. ते मला कळलं नव्हतं, विचारायला संकोच वाटला, आणि आधीचं-नंतरचं वाक्य असं बेमालूम सांधलं की कुणाच्याच लक्षात आलं नाही. अनुवाद 'ओघवता' म्हणून वाखाणला गेला. त्या शब्दानं मला आजही कसंनुसं होतं. 'या वाक्याचा अर्थ अनुवादकाला लागला नाही' अशी एका ओळीची तळटीप पुरली असती. पण ती लिहायची तर आधी मान्य करावं लागलं असतं, की न कळणं हा गुन्हा नाही.

त्या विज्ञानलेखात मी शेवटी 'त्रुटी'च लिहिलं. मूळ निबंध पुन्हा काढून ते वाक्य आता समोर ठेवलं आहे. अजून कळलेलं नाही.