आधी डिपर कोणी द्यायचा?

बी.कॉम.ला तत्त्वज्ञान हा विषय नसतो. त्यामुळे मी कोण, कुठून आलो आणि कुठे जाणार, या प्रश्नांची उत्तरं मला देता येत नाहीत. तिसऱ्याचं उत्तर फार तर बदलीच्या ऑर्डरीत वाचायला मिळतं. पण नीतिशास्त्रातला एक प्रश्न असा आहे, की जो प्लेटोपासून कुणीच हाताळलेला नाही, कारण त्या बिचाऱ्यांच्या काळी हेडलाइट नव्हते. आमच्याकडे तो रात्री आठनंतर पुसेगाव-हिंगोली रस्त्यावर दर दोन मिनिटांनी पडतो. समोरून गाडी येते आहे. तिचा उजेड तुमच्या डोळ्यांत, तुमचा तिच्या. दोघांपैकी कुणीतरी एकाने पहिल्यांदा नजर खाली करायला हवी. तर आधी डिपर कोणी द्यायचा?

हे पुसेगाव म्हणजे सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं नव्हे. ते साताऱ्याकडचं. तिथे रथाला भक्तमंडळी नोटांच्या माळा घालतात. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथे नोटा वाहायला लोक बँकेत येतात, त्याला हप्ता म्हणतात, आणि यात्रेसारखे तेही वर्षातून एकदाच येतात.

तर आमच्या शेजारच्या मामांकडे एक पिकअप आहे. मामा माझे नव्हेत, सगळ्या गल्लीचे. पिकअपच्या मागच्या फळीवर आमच्या बँकेचं नाव रंगवलेलं आहे. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत तिचे दोन्ही दिवे कायद्याने बँकेकडे तारण आहेत, आणि तारण मालाबद्दल बोलण्याचा मला अधिकार आहे. हळदीची, सोयाबीनची पोती घेऊन मामा हिंगोलीच्या मोंढ्यात जातात आणि परत यायला रात्र करतात. गेल्या हिवाळ्यात एकदा सकाळी सकाळी ते मला म्हणाले,

"साहेब, दिसंनाच गेलंय बघा रातचं. चिमणी लावून चालवायलो."

यात चेष्टेचा भाग नव्हता. उसाचा हंगाम सुरू होता. मागे लाल दिवा नाही, चमकपट्टी नाही, अशी एक भरलेली ट्रॉली आदल्या रात्री रस्त्यावर उभी होती, आणि मामांची पिकअप तिच्या मागे हातभर अंतरावर थांबली होती. हातभर हे माप त्यांनी मला स्वतःचा हात लांब करून दाखवलं. तो हात अजून थरथरत होता. त्या हाताकडे पाहिल्यावर, जास्त उजेड मागणाऱ्या माणसाला स्वार्थी म्हणायची माझी तरी छाती नाही.

मिस्त्रीने मीटर लावलं. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी चौदा व्होल्ट, दिव्यापाशी जेमतेम बारा. दोन व्होल्ट वाटेत गहाळ! माझ्यातला कॅशियर जागा झाला. चौकशीअंती असं कळलं, की मूळच्या वायरिंगमध्ये दिव्याचा सगळा करंट बॅटरीतून निघून आधी ड्रायव्हरसमोरच्या बटणात येतो आणि तिथून परत पुढे दिव्याकडे जातो. पंचावन्न-साठ वॉटचे दोन दिवे म्हणजे नऊ-दहा अँपिअर, तेही बारीक वायरीतून, जळकट बटणातून आणि गंजक्या जोडांतून. प्रत्येक जण आपापली दस्तुरी कापून घेतो. त्यात बॉडीला जिथे अर्थिंग दिलेलं, तो बोल्ट गंजून लाल झाला होता. सगळ्या अनर्थाचं मूळ अर्थात असतं हे ऐकून होतो. ते अर्थिंगातही असतं हे नव्याने कळलं. आणि हॅलोजन दिव्याचा हिशेब सरळव्याजाचा नसून चक्रवाढीचा आहे. व्होल्टेज सातवा हिस्सा कमी झालं, तर उजेड सातवा हिस्सा कमी होत नाही, चाळीस टक्क्यांच्या आसपास बुडतो.

यावर उपाय म्हणजे रिले. रिलेचं तत्त्व बँकेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या पद्धतीत रोकड साहेबांच्या केबिनमधून फिरून खिडकीवर येत होती. रिले बसवला, की साहेबांनी केबिनमध्ये बसून फक्त चिठ्ठीवर सही करायची आणि रोकड तिजोरीतून थेट कॅशियरने द्यायची. बटणाने रिलेला नुसता इशारा करायचा. रिले 'टिक' म्हणतो आणि बॅटरीतून जाड तांब्याच्या वायरीने, मध्ये एक फ्यूज ठेवून, करंट सरळ दिव्यात. मामांचा आग्रह होता, की लावतोच आहोत तर शंभर वॉटचे दिवे लावू आणि टपावर ती एलईडीची पट्टीही लावू. मिस्त्री म्हणाला, "मामा, होल्डर वितळंल. वायरिंग करू, अर्थिंग घासू, दिवा हाय तोच ऱ्हाऊ द्या." मिस्त्रीने कमी खर्चाचा सल्ला देणं हा प्रसंग मला ऐतिहासिक वाटतो.

त्याच रात्री मी मामांबरोबर हिंगोलीला निघालो. मोंढ्यात पहाटे नंबर लागावा म्हणून मामांनी संध्याकाळीच पोती भरली होती, आणि मला सकाळच्या गाडीने पुढे जायचं होतं. आणि काय सांगू! रस्त्याकडेच्या कडुनिंबाचं पानन् पान दिसत होतं. मैलाचा दगड वाचता येत होता. खड्डे तर असे स्वच्छ दिसत होते, की त्यांतून जाताना ओळखीच्या माणसांकडे गेल्यासारखं वाटत होतं.

एवढ्यात समोरून गाडी आली. मामांनी अप्पर तसाच ठेवला. समोरच्यानेही ठेवला.

"मामा, डिपर."

"त्यानं दिला की देतो."

समोरचाही त्या क्षणी आपल्या शेजारच्याला हेच सांगत असणार. म्हणजे दोन्ही गाड्यांत पुढचं दिसावं म्हणून खर्च केलेला, आणि दोघांनाही पुढचं दिसत नाही. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. दिपलेले डोळे ताळ्यावर यायला तीन सेकंद धरले, तरी पन्नास मीटर गाडी कुलदैवताच्या भरवशावर. आधी डिपर न देण्यामागचं शास्त्र मला बँकेत बसून बसून ठाऊक आहे. आमच्याकडे कर्ज मागायला आलं, की आधी जामीनदार आणा, सात-बारा आणा, फोटो आणा. आणि इथे, आधी डिपर देणारा माणूस कोण कुठल्या परक्याला आपल्या वाटचा उजेड बिनतारण, बिनजामीन उसना देतो. परतफेड झाली नाही तर वसुलीला जायची सोय नाही. कर्जदार उलट्या दिशेने पसार. असं कर्ज मंजूर करणाऱ्या मॅनेजरला आमच्याकडे निलंबित करतील. तरीही, रोज रात्री देशभर अशी लाखो कर्जं मंजूर होतात आणि बहुतेक तीन सेकंदांच्या आत फिटतात, ही मला आमच्या वार्षिक अहवालापेक्षा दिलासा देणारी गोष्ट वाटते. ट्रकवाल्यांना ती पटलेली असावी. नाहीतर मागच्या फळीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असं कोण रंगवून घेतं?

(आपली माणसं तशी दुष्ट नव्हेत. दिवसा मोटरसायकलचा दिवा चालू दिसला, की समोरून येणारा प्रत्येक जण मूठ उघडझाप करून सांगतो, 'अहो, लाईट!' १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायचं बटणच नसतं, तरी सांगणारे सांगत राहिले. दुसऱ्याची बॅटरी उतरू नये म्हणून एवढा जीव तुटतो. डोळ्यांचं तेवढं रात्री बघू.)

मामांच्या बाबतीत मी पुढे एक निरीक्षण केलं. ट्रकला ते डिपर देत होते, थोडा उशिरा का होईना. एस.टी.ला तर आदराने देत होते. कारण त्यांनी उलटून अप्पर मारला असता तर आमची धडगत नव्हती. याला सौजन्य म्हणावं की क्लिअरिंग हाऊस? तुमचा चेक आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे, संध्याकाळी हिशेब चुकता. दोन्हीकडे दिवे असले, की नीतिशास्त्राची गरजच पडत नाही, धाक पुरतो.

मग रस्त्याच्या कडेने एक माणूस चालत आला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला निघाला असणार. खांद्यावर फावडं, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. मामांचा अप्पर तसाच.

"मामा, डिपर!"

"त्याला कायला? त्याच्याकडं गाडी हाय का?"

त्या माणसाने डोळ्यांवर आडवा हात धरला, खाली उतरला आणि कडेच्या बाभळीत जाऊन उभा राहिला. पायाखाली काय असेल ते असो. त्याच्या बॅटरीचा उजेड आमच्या उजेडात केव्हा विरला ते कळलंही नाही. मामांना अर्धं गाव नावाने माहीत, तरी तो कोण ते त्यांना सांगता येईना. एवढा उजेड होता, की त्या हातामागचा चेहराच दिसला नाही.

हिंगोलीला चहा घेताना मी विषय काढला. म्हटलं, मामा, नर्सी आपल्याच जिल्ह्यातली, औंढाही आपल्याच जिल्ह्यातलं. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, तर नागनाथाचं अख्खं देऊळ फिरलं म्हणतात. एवढ्या दगडी देवळाने एका माणसासाठी तोंड फिरवलं, आणि तुम्हांला बोटभर दांडी खाली करवत नाही?

मामांनी बशीत फुंकर मारली. "देवळाला मागून ट्रक येत नव्हता, साहेब."

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण मामांच्या डोक्यात तो बाभळीतला माणूस राहिला असावा. दोन दिवसांनी ते आपणहून मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "डिपर दिला तरी लोक मला शिव्या द्यायलेत. काय भानगड हाय बघ."

भानगड पोत्यांची निघाली. मागे माल भरला, की पिकअप मागे दबते, पुढून नाक वर करते आणि दिवे आभाळाकडे बघू लागतात. म्हणजे मामांनी कितीही सद्भावनेने डिपर दिला, तरी तो समोरच्याच्या डोळ्यांतच! फळं आली की झाड वाकतं असं आम्हांला शाळेत शिकवलं होतं. पिकअपचं उलटं आहे. माल भरला की ती मान वर करते. बँकेच्या खिडकीतून पाहता मला पिकअपचंच उदाहरण जास्त ठिकाणी लागू पडताना दिसतं, पण ते असो.

दिव्यांची नजर उतरवायची ठरली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १०६ मध्ये, याचं माप दिलेलं आहे: आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. पूर्वी दिव्याच्या काचेवर काळा ठिपका किंवा काळा पट्टा असे, तो याचसाठी. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला तीट लावतात. इथे बाळाची दृष्ट इतरांना लागू नये म्हणून. आता दीड मीटरवर डोळे असलेला माणूस कुठून आणायचा? माझी उंची पाच फूट चार इंच. ती एखाद्या कायद्यात इतकी चपखल बसण्याची ही पहिलीच वेळ. मला शाळेच्या भिंतीपुढे उभं केलं.

"साहेब, दिपायलेत का डोळे?"

"दिपताहेत."

मिस्त्रीने स्क्रू फिरवला. "आता?"

"थोडे."

"रिकामी असताना लावली तर भरल्यावर वर बघती," मिस्त्री स्वतःशीच बोलत होता, "आन् भरल्यावर लावली तर रिकामी पायाखाली बघती. मधलं धरतो." पुन्हा स्क्रू. "आता?"

आता मला पिकअपच्या काचेमागे बसलेले मामा दिसू लागले. पहिल्यांदाच.

परवा पुन्हा त्यांच्याबरोबर आलो. रस्ता मोकळा होता. लांबवर दोन बारीक दिवे दिसले, हिरवट, जवळजवळ. मामांनी मी काही म्हणायच्या आत अप्परचा डिपर केला आणि माझ्याकडे एकवार पाहिलं. समोरून काही उत्तर येईना. दिवे हलेनात. मामांनी वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि शेवटी गाडी उभीच केली.

रस्त्याच्या मधोमध म्हैस रवंथ करत बसली होती.

"वाया गेला की हो," मामा म्हणाले, आणि तिला वळसा घालून गाडी काढली. डिपर मात्र पार पुढे जाईपर्यंत तसाच ठेवला होता.