विकतची शांतता

गेटवेहून सुटलेली कॅटामरान तासाभरात मांडव्याला लागते. खालच्या डेकवर डिझेल इंजिनाची घरघर पायांतून वर चढत राहते. वरच्या डेकवर वारा, सीगलचा कलकलाट आणि त्यांना खाऊ फेकणाऱ्या पोरांचा आरडाओरडा. हल्ली या बोटीत कानांवर जाडजूड हेडफोन चढवून डोळे मिटलेली माणसं हटकून दिसतात. कोविडनंतर अलिबागला मुक्काम हलवून मुंबईत कामाला येणारे काही, बाकीचे शनिवार-रविवारचे बंगलेवाले. सगळ्यांचं म्हणणं एकच: इकडे यायचं ते शांततेसाठी. मग ती वाटेतच विकत मिळत असेल, तर काय बिघडलं?

आधी मिळतं काय ते पाहू. या नॉइज-कॅन्सलिंग हेडफोनच्या कपात बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि आतली चिप त्याच्या बरोब्बर उलट लहर तयार करते. दोन लहरी एकमेकींना खातात. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला या कल्पनेचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. बोस कंपनीच्या अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना विमानातल्या हेडफोनवर धड संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणितं मांडली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला, सामान्य प्रवाशांसाठीचा २००० मध्ये.

म्हणजे ही युक्ती जन्मली इंजिनासाठी, आणि आजही ती इंजिनावरच खरी चालते. सलग, खर्जातला आवाज तिला आधी ओळखता येतो. माणसाचं बोलणं, शिट्टी, पोराचं रडणं क्षणाक्षणाला बदलतं, तिथे ती मागे पडते. मांडव्याच्या बोटीत याचा पडताळा लगेच मिळतो. बटण दाबलं की खालच्या डेकवरची घरघर गळून पडते, आणि मागच्या बाकावर फोनवरून चाललेला चोंढीच्या प्लॉटचा सौदा गुंठ्यांच्या भावासकट अधिकच स्वच्छ ऐकू येतो. वरच्या डेकवर तर वारा थेट माइकमध्ये शिरतो आणि हेडफोनच फुरफुरायला लागतो.

सोनी किंवा बोसचा वरच्या श्रेणीचा हेडफोन तीस-चाळीस हजारांच्या घरात जातो. नॉइज-कॅन्सलिंगवाले साधे इअरबड दोन-तीन हजारांत मिळतात. घरघर दोन्ही कमी करतात. महागाचा फरक दिसतो तो बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजांवर, तासन्‌तास घालूनही कान न दुखण्यात आणि फोनवर समोरच्याला आपला आवाज नीट पोचण्यात. किनाऱ्यावरच्या माणसाने आणखी एक पाहावं. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सारख्या महागड्या हेडफोनला पाण्यापासून बचावाचं मानांकनच नाही. कितीतरी स्वस्त इअरबडना ते असतं. इथल्या दमट, खाऱ्या हवेत कानाच्या गाद्यांचं रेक्झिन सोलवटतं, तेव्हा त्या बदलून मिळतात का, हे दुकानातच विचारलेलं बरं.

एवढ्यावर हिशेब संपला असता. पण जाहिराती आवाज कमी करण्याचं यंत्र विकत नाहीत. त्या विकतात शांती, एकाग्रता, स्वतःशी भेट. हा माल आपल्या परंपरेच्या दुकानात फार जुना आहे, त्यामुळे तुलना करणं भाग आहे.

पतंजलीच्या आठ अंगांत प्रत्याहार आहे: इंद्रियांनी विषयांकडून मागे फिरणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात त्यासाठी अवयव आत ओढून घेणारं कासव येतं. वरवर पाहता हेडफोन म्हणजे बॅटरीवर चालणारं कासवाचं कवचच. पण तिसरा अध्याय लगेच कान उपटतो: इंद्रियं आवरून बसलेला आणि मनात विषय घोळवणारा माणूस तिथे ढोंगी ठरतो. मूळ श्लोकात गोष्ट हातापायांसारख्या कर्मेंद्रियांची आहे, पण ती कानांनाही लागू पडावी. घरघर थांबली, आणि त्या जागी लगेच पॉडकास्ट आला, ऑफिसचा कॉल आला. आत ओढलं काय? सतराव्या अध्यायात तपाचे शरीर, वाणी आणि मन असे तीन प्रकार केले आहेत. मौन वाणीच्या तपात असेल असं कुणालाही वाटेल; ते मोजलंय मनाच्या तपात.

ही गीता सोप्या मराठीत घरोघरी नेणारे विनोबा अलिबागच्याच जिल्ह्यातले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर त्यांनी पवनारला मौन पाळलं. त्या वर्षातच आणीबाणी आली. विनोबांनी लिहून दिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवले, आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्या मौनाच्या राजकीय बाजूवर आजही वाद घालता येईल. पण त्याची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी बंद केलं होतं स्वतःचं तोंड. कान उघडे होते, जग जसं येईल तसं आत येत होतं. हेडफोनवाल्याचं नेमकं उलट. त्याचं तोंड चालू असतं आणि बंद होतात ते दुसऱ्यांचे आवाज. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातही दहा दिवस साधकाचं बोलणं आणि मोबाइल काढून घेतात, पाखरांचा किलबिलाट नाही. तिथे फीही नसते.

शिवाय बंद कानांना कशाला मुकावं लागतं, हे अलिबागजवळच्या किहीमला कळतं. १९३० मध्ये सलीम अली तिथे राहून, डोळे-कान उघडे ठेवून, सुगरणीच्या विणीचं निरीक्षण करत होते. नर अनेक घरटी बांधतो आणि जमेल तितक्या माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी तिथे उलगडलं. त्याच किहीमला २००४ मध्ये बेकायदा वाळूउपशाला अडवताना सुमैरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. मुंबईतल्या ध्वनिप्रदूषणाविरुद्ध न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षं आवाज मोजत झगडणाऱ्या त्या याच. त्यांच्या लेखी शांतता ही सगळ्यांनी मिळून राखायची वस्तू आहे, पाण्यासारखी. ज्याला परवडतं त्याने आपल्या कानांपुरती ती घेतली की उरलेल्यांच्या वाट्याच्या गोंगाटाविषयी बोलायला एक माणूस कमी होतो. हेडफोनच्या किमतीत हा खर्च कुठेच छापलेला नसतो.

म्हणून हेडफोन वाईट ठरत नाही. भोवतीचा गोंगाट कापला गेला की गाणं बारीक आवाजात ऐकता येतं, आणि आयुष्यभर पुरवायच्या कानांसाठी हा फायदा लहान नाही. रोज बोटीने किंवा महिन्याला चार विमानांनी जाणाऱ्याने महागाचा जरूर घ्यावा, पैसे वसूल होतील. सणासुदीला मांडवा गाठणाऱ्याला तीन हजारांचा पुरे. ध्यानासाठी म्हणून मात्र कोणताच घेऊ नये. आणि शेजारच्या बंगल्यावरचा डीजे रात्री दहानंतरही वाजत असेल, तर कान झाकण्याआधी ११२ फिरवावा. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे.