वांझ कोण?

घोडी गाभण राहिली नाही की तिला वांझ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु घोडी माजावर येते ती दिवस मोठे होऊ लागल्यावर. हिवाळ्यात तिचे बीजकोश बहुधा निद्रिस्त असतात. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय मात्र १ जानेवारीपासून मोजतात. गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा. शिंगरू वर्षारंभीच जन्मावे म्हणून फेब्रुवारीपासून घाई चालते, तबेल्यात रोज १६ तास उजेड ठेवतात. गर्भाशयास दाह असेल तर तो शोधून उपचार करणे हे कर्तव्यच होय. पण पंचांग आपले आणि दोष तिचा, हा न्याय नव्हे. मुक्या जीवास नाव ठेवण्यापूर्वी मनुष्याने आपली घाई तपासावी, असे आम्हांस वाटते.