जक्कयचा हिशेब

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा आपल्याकडे बऱ्याचदा चर्चच्या शाळेतल्या एखाद्या वर्गात भरतात. शाळा सुटलेली असते, फळ्यावर दुपारचं गणित तसंच राहिलेलं असतं आणि पाचवीतल्या मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसलेली असतात. अशा एका खुल्या सभेत मी तासभर बसून आलो. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, हा त्या खोलीचा नियम आहे. म्हणून कोण काय बोललं ते इथे लिहिणार नाही. पण एक शब्द जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी आला आणि तो कोणा एकाचा नव्हता, तेवढा सांगतो. तो शब्द होता ‘देणं’. दुकानदाराचं देणं, भावाचं देणं, बायकोचं देणं.

घरी येताना मला जक्कय आठवला. लूकच्या शुभवर्तमानातला हा यरीहोचा मुख्य जकातदार. अंगाने ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढून बसलेला. येशू झाडाखाली थांबतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो. लोक कुरकुरतात. आता हा माणूस रडेल, पाया पडेल, असं आपल्याला वाटतं. जक्कय उभा राहतो आणि आकडे सांगतो: माझी अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट परत. या घराला आज तारण लाभलं, हे येशू म्हणतो ते या आकड्यांनंतर. प्रवचनांत उंबराचं झाड नेहमी येतं, चौपटीवर मात्र कोणी फारसं थांबत नाही.

अशा सभा भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची सुरुवातही अशाच हिशेबाने झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ नावाचे शल्यविशारद दारूपायी धुळीला मिळत चालले होते. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन त्यांना भेटला. तोही दारुडाच, पण काही महिन्यांपूर्वी सुटलेला. ख्रिस्ती प्रार्थना, आत्मपरीक्षण, चुकांची कबुली हे सगळं डॉक्टरांना मान्य होतं. एकच गोष्ट ते करायला तयार नव्हते. ज्यांना दुखावलं, ज्यांचे पैसे थकवले, त्यांच्या दारात जाऊन आपण दारुडे आहोत हे सांगायचं, तर वैद्यकीचा धंदा बसेल ही धास्ती होती. जूनमध्ये ते पुन्हा प्याले. १० जूनला एक शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि हात थरथरत होते, म्हणून सकाळी बिलने त्यांना बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर घरी आले नाहीत. बायको आणि बिल वाट पाहत राहिले. ते उशिरा आले, शुद्धीत. गावभर फिरून, ज्यांची भीती वाटत होती त्या एकेकाच्या दारात ते जाऊन आले होते. ती बिअर त्यांची शेवटची ठरली. संघटना आजही १० जून हाच आपला जन्मदिवस मानते.

ही रीत त्या दोघांनी स्वतः शोधलेली नव्हती. फ्रँक बुकमन या लुथरन पाळकाने उभ्या केलेल्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये आत्मपरीक्षण, दुसऱ्या माणसापुढे कबुली आणि नुकसानभरपाई हे नेहमीचे आचार होते, आणि न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चचे पाळक सॅम्युएल शूमेकर यांच्याकडून आपण त्यातलं बरंच घेतलं, असं बिल विल्सन उघड सांगत असे. पुढे डॉ. बॉबना जोड मिळाली ती ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांना दाखल करून घेण्याचं काम करणाऱ्या सिस्टर इग्नेशिया या कॅथलिक धर्मभगिनीची. त्या काळी दारुड्याला खाट मिळत नसे. १९३९ साली त्यांनी एकाला ‘जठराचा तीव्र दाह’ असं कागदावर लिहून आत घेतलं. बरा होऊन घरी जाणाऱ्याच्या हातात त्या येशूच्या पवित्र हृदयाचं एक छोटं चिन्ह ठेवत आणि बजावत, की पुन्हा प्यावंसं वाटलं तर आधी हे मला परत आणून दे. विनवणी किंवा धमकी यांपेक्षा मला हे फार मोठं वाटतं. त्या माणसाला त्यांनी सन्मानाने एक देणं लावून दिलं होतं.

मुंबईत १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. फादर जो हे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे कृपामध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आली. चर्चच्या छायेत सुरू झालेल्या त्या कामात धर्माची अट कधीच नव्हती. व्यसनी माणूस असहाय असतो आणि असहाय माणसाकडून धर्मांतर पदरात पाडून घेणं ही सेवा नव्हे, ते कृपाने जाणलं.

आता जे मला खटकतं ते लिहितो. अनेक चर्चमध्ये दारू सुटलेल्या माणसाला साक्ष द्यायला उभं करतात. तीन महिने झालेले असतात. तो गटारात कसा पडायचा ते सांगतो, प्रभूने कसं उचललं ते सांगतो, टाळ्या होतात, पाळकांचे डोळे पाणावतात. मागच्या बाकावर त्याची बायको बसलेली असते. तिचं मंगळसूत्र अजून सावकाराकडे असतं. मोठ्या मुलीची शाळा मध्येच सुटलेली असते. उपासना संपल्यावर चार बायका तिच्याभोवती जमतात आणि म्हणतात, देवाने त्याला क्षमा केली, आता तूही कर. तिने लगेच मान हलवली नाही, तर ती कठोर ठरते. दहा वर्षं घर तिने ओढलं, मार तिने खाल्ला, आणि साक्ष मात्र त्याची.

हे सरळ सरळ चूक आहे. देवाची क्षमा त्याची आणि देवाची आपापसातली बाब आहे. बायकोची क्षमा बायकोच्या मालकीची आहे, ती तिच्या वतीने मंडळीने वाटून टाकायची नाही. कॅथलिक शिकवणीतही पापनिवेदन झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर ती पुसणं, जमेल तेवढी भरपाई करणं हे पश्चात्तापी माणसाकडे उरतंच. बारा पायऱ्यांतली आठवी पायरी ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायला सांगते, नववी त्यांना भरपाई द्यायला. त्या नवव्या पायरीत एक शहाणी अट आहे: भरपाई करायला गेल्याने समोरच्याला किंवा इतर कोणाला आणखी इजा होणार असेल, तर जाऊ नये. म्हणजे नवऱ्याचं मन हलकं व्हावं म्हणून बायकोची जुनी जखम पुन्हा उघडायची नाही.

मंडळीने करण्याजोगं पुष्कळ आहे. रोज पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर गाठावा, प्रार्थना त्याच्या बरोबरीने करावी. मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणण्याच्या विधीला बँड निघतो तेव्हा दारूचे पेलेही निघतात. त्या वरातीत सरबताचा पेला न मागता हातात आला, तर एका माणसाची संध्याकाळ तरते. चर्चने स्वतःच्या वेदीवरही हा विचार केलेला आहे. दारू वर्ज्य असलेल्या धर्मगुरूला, बिशपांच्या परवानगीने, आंबवण थांबवलेला द्राक्षरस वापरून मिस्सा अर्पण करता येते. २००३ साली रोमने त्याचे नियम बिशप परिषदांच्या अध्यक्षांना लिहून कळवले. वेदीवर जे जमतं, ते लग्नाच्या मांडवात जमायला हरकत नसावी.

आणि घरच्यांचं काय? बिल विल्सनची बायको लोइस हिने १९५१ साली व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन सुरू केलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. नवरा सुधारेल तेव्हा सुधारेल, त्याआधी या बाईला बोलायला जागा हवी, हे दोन्हीकडे कळलं होतं.

तुमच्या धर्मग्रामात संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांसाठी एक वर्ग उघडत असेल, तर शेजारचा वर्ग त्यांच्या बायकामुलांसाठी उघडावा, असं पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मांडा. तिथे त्यांना क्षमेबद्दल कोणी काही सांगू नये. त्या बोलतील ते ऐकून घ्यावं.