आवड कुणाची, निवड कुणाची

स्पॉटिफायच्या पडद्यावर 'डिस्कव्हर वीकली', 'रिलीज रडार', 'डेली मिक्स' आणि 'डेलिस्ट' या याद्या शेजारीशेजारी दिसतात आणि सगळ्यांची ओळख एकच: खास तुमच्यासाठी. पहिली 2015 पासून दर सोमवारी बदलते, तीस गाणी देते. दुसरी शुक्रवारी, नव्या गाण्यांची. 'डेली मिक्स'मध्ये बहुतेक ओळखीचीच गाणी असतात. 2023 मध्ये आलेली 'डेलिस्ट' तर एका दिवसातच अनेकदा बदलते आणि दर वेळी स्वतःला नवं, विक्षिप्त नाव देते. नावावरून यातलं फारसं कळत नाही. वापरून वापरून समजतं, तेही अर्धवट.

गोंधळ एवढाच असता तर सवयीनं सुटला असता. पण काही याद्या माणूस आणि यंत्र मिळून करतात. संपादक गाण्यांचा मोठा साठा निवडतात आणि त्यातलं कुणाला काय, कोणत्या क्रमानं ऐकवायचं ते यंत्र ठरवतं. त्यामुळे नाव तेच, मुखपृष्ठ तेच, पण 'त्या यादीतलं तिसरं गाणं ऐक' असं मित्राला सांगावं तर त्याच्याकडे तिसरं गाणं भलतंच.

मला यातली खरी अडचण वेगळी वाटते. ही नावं मूड सांगतात, वार सांगतात, वेळ सांगतात. हे गाणं माझ्यापुढे कुणी आणि का ठेवलं, एवढं मात्र सांगत नाहीत.

रेडिओच्या फर्माइशी कार्यक्रमात निवेदक गाण्याआधी नावं वाचायचा: अमुक गावचे तमुक आणि त्यांचे मित्रमंडळ. झुमरीतलैया हे गाव देशाला ठाऊक झालं ते या फर्माइशींमुळेच. (पोस्टकार्डांचे गठ्ठे टाकणारे हौशी त्यातही होतेच, सगळी नावं खरी मानायला नकोत.) पण गाणं कुणाच्या तरी आवडीनं लागलंय, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. रेडिओ सिलोनवर 1952 मध्ये सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'च्या तर नावातच टूथपेस्ट होती. पैसा कुणाचा, हे निवेदक अमीन सायानींच्या तोंडून दर आठवड्याला उघड ऐकू यायचं.

आता 'डिस्कव्हरी मोड' पाहा. 2020 मध्ये स्पॉटिफायनं ही सोय जाहीर केली. कलाकार किंवा त्याची कंपनी एखादं गाणं पुढे करते आणि त्या बदल्यात अशा शिफारशीतून वाजलेल्या गाण्यावर कमी रॉयल्टी घेते. गाणं वाजेलच अशी हमी नसते, ऐकणाऱ्याची आवडही विचारात घेतली जाते, हे खरं. तरी यादी संपल्यावर आपोआप पुढे सुरू होणाऱ्या गाण्यांमध्ये पारडं कशानं झुकलं, ते गाण्याशेजारी दिसत नाही.

कारण सांगणं अशक्य आहे, असंही नाही. 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' ही पाटी अ‍ॅमेझॉननं लावली तेव्हा अख्खं तंत्र एका वाक्यात ग्राहकापुढे होतं. 'डिस्कव्हर वीकली'ची मूळ युक्तीही फार लांबची नाही: तुमची आवडती गाणी ज्यांच्या याद्यांत आहेत, त्यांच्याच याद्यांतली तुम्ही न ऐकलेली गाणी शोधायची. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं शिफारशीमागचे मुख्य निकष सांगणं बंधनकारक केलं आहे. पण ते सांगायची जागा नियम-अटींचं पान, आणि तिथे गाणं ऐकायला कोण जातं?

कंपन्यांचा संकोच मला कळतो. 'नाट्यगीतं ऐकणाऱ्या इतर लोकांनी हेही ऐकलं' असं लिहिलं, की ऐकणारा गर्दीतला एक होतो. खास तुमच्यासाठी म्हणण्यातली खुशामत जाते, आणि महिन्याचे पैसे आपण थोडेफार त्या खुशामतीसाठीही मोजतो. शिवाय मग एखाद्या गाण्याखाली 'कमी रॉयल्टीच्या बोलीवर' असंही छापावं लागेल.